चिऊचा गुडघा

पिंपरी
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, लेक आता चालत नाही, धावतोच, आणि रोज कुठे ना कुठे आपटतो, म्हणून मलमाची ट्यूब कायम खिशात असते. चिऊच्या आरडाओरड्यात आपलं बोलणं अर्धवट राहिलं, पण ती ट्यूब काही माझ्या डोक्यातून गेली नाही. आमच्याकडे मागच्या महिन्यात जे झालं, ते तुला सविस्तर कळायला हवं.

चिऊ सोसायटीच्या उतारावर सायकलवरून पडली. गुडघा खरचटला, एवढंच. रुपयाएवढी साल निघाली होती आणि आत बारीक कच रुतली होती. तिला रडताना बघून मी इतका गडबडलो की नळाकडे जायच्या ऐवजी सरळ कपाटाकडे धावलो. कच तशीच आत, वरून मलमाचा जाड थर. मग सकाळ-दुपार-संध्याकाळ तेच. तिसऱ्या दिवशी गुडघा लालभडक, वर बारीक पुरळ. मला वाटलं जखम चिघळली, म्हणून मी आणखी मलम थापलं. रात्री ती झोपेतच गुडघा चादरीवर घासत होती. तो आवाज ऐकत मी पहाटेपर्यंत जागा होतो.

डॉक्टरांनी दिव्याखाली गुडघा धरला आणि मला जवळ बोलावलं. "लाली कुठपर्यंत आहे बघा." जखम रुपयाएवढी, पण लाली पार पोटरीपर्यंत, आणि तिची कड अगदी माझी बोटं फिरली होती तिथे थांबलेली. पू नाही, ताप नाही, ठणका नाही, नुसती खाज. जखमेत जंतू नव्हतेच. तिला मलमातल्या निओमायसिन या अँटिबायोटिकची ॲलर्जी आली होती. तसलं मलम आधीही दोन-तीनदा लावलं होतं, त्यामुळे अंगाला त्याची ओळख झालेली होती, आणि या वेळी लगेच उमटलं. निओमायसिन हे यासाठी इतकं प्रसिद्ध आहे की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१० साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. फ्रामायसेटिन त्याचंच भावंड, म्हणून चिऊला आता दोन्ही बंद. तिच्या लसीकरणाच्या फाईलवर मी लाल पेनाने तसं लिहून ठेवलंय.

मलम बंद केलं, ओल्या गॉजने कच काढली, आणि पाच-सहा दिवसांत खपली धरली.

तुला माहीतच आहे, बाबांची सगळी नोकरी 'एचए'मध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये गेली. १९५४ मध्ये पिंपरीत ही कंपनी उभी राहिली ती देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळावं म्हणून. आमच्या घरात 'अँटिबायोटिक' हा शब्द आदराने घेतला जायचा. बाबा म्हणाले, "अरे, हे औषध जपून वापरायचं असतं. उगाच वापरलंस तर जंतू त्याला सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही." मुपिरोसिनसारख्या चांगल्या मलमांचंही हेच आहे.

म्हणून सांगतो, लेक पडला की आधी तुझे हात धू, मग त्याची जखम वाहत्या पाण्याखाली धर. तो रडेल, रडू दे, पण माती निघेपर्यंत पाणी सोड. साबण आजूबाजूला, आत नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. आग तर होतेच, शिवाय नवी कातडी धरणाऱ्या पेशीही मरतात. हळद-चुना, टूथपेस्ट, कॉफीही नको, आजी कितीही आग्रह करू दे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं दाबून धर, सारखं उचलून बघू नकोस.

स्वच्छ धुतलेल्या खरचटण्याला बहुतेक वेळा साधी पेट्रोलियम जेली आणि पट्टी पुरते. १९९६ मध्ये अमेरिकेत नऊशेहून जास्त रुग्णांच्या छोट्या शस्त्रक्रियांच्या जखमांवर बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम आणि साधी जेली यांची तुलना झाली. जंतुसंसर्गात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि ॲलर्जी मात्र फक्त मलमवाल्यांना आली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिलंच, तर तुरीच्या दाण्याएवढं, पातळ, सांगतील तितकेच दिवस. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नकोस. वर पट्टी लाव, नाहीतर तुझा पठ्ठ्या बोटं थेट तोंडात घालणार. मोठ्या सोललेल्या भागावर किंवा भाजल्यावर स्वतःच्या मनाने तर मुळीच लावू नकोस. निओमायसिन तिथून रक्तात शोषलं जाऊ शकतं, आणि ते कानाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

आणि आज रात्रीच तुमच्या औषधांच्या डब्यातली प्रत्येक ट्यूब उजेडात वाच. आमच्याकडे पाच निघाल्या, त्यातल्या दोन मुदत संपलेल्या आणि एक खाज-गजकर्णाची. तिच्यावर बारीक अक्षरात 'बीटामेथासोन' होतं. ते स्टेरॉइड, म्हणजे कातडी पातळ करणारं. क्लोबेटासोलही त्यातलंच. असली ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.

लाली पसरायला लागली, पू आला, भोवती गरम लागलं, ताप आला किंवा मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, तर थांबू नकोस, दाखव. चेहऱ्यावरची किंवा खोल जखम असेल तर त्याच दिवशी. कुत्रा-मांजर चावलं, नुसतं ओरखडलं तरी, साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी ने. आणि हो, त्याचा दीड वर्षाचा ट्रिपलचा बूस्टर झालाय ना? धनुर्वाताची लस त्यातच असते. वहिनींना विचारून मला कळव.

चिऊ पुन्हा त्याच उतारावर सायकल चालवते. मी खाली उभा असतो, खिशात पाण्याची छोटी बाटली आणि दोन पट्ट्या. दिवाळीला या, दोघं मिळून पडतील.

तुझाच,
अण्णा