आबांची कीर्द आणि माझं एडीबीएमएस

प्रिय बंड्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा हमालांचा आरडाओरडा आणि हळदीचा सौदा एवढंच ऐकू आलं, तू नाहीच. तू दोन गोष्टी विचारल्यास, एक म्हणजे बीएस्सीला डेटाबेस झाला होता तर आता एमएस्सीला परत तेच कशाला शिकतोयस लेका, आणि दुसरं म्हणजे लाईट गेली की दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या शेवटच्या चार-पाच पावत्या कुठे जातात. गंमत अशी की दोन्हीचं उत्तर बरंचसं एकच आहे, पण फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच "थांब, गिऱ्हाईक आलं" म्हणणार म्हणून लिहितोय.

तर विषयाचं नाव अॅडव्हान्स्ड डेटाबेस, आम्ही सगळे एडीबीएमएस म्हणतो. बीएस्सीला आपण सिलेक्ट, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागायची आज्ञा, कसा लिहायचा ते शिकलो, जर्नल उतरवून काढलं, सही घेतली, संपलं. इथे तो सिलेक्ट डेटाबेसच्या पोटात गेल्यावर काय काय होतं ते शिकवतात. पुस्तक तेच जाडजूड, आपण नुसतं कोर्थ म्हणायचो ते, त्याच्या तीन लेखकांपैकी सुदर्शन सर पवईच्या आयआयटीतले आहेत हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, कव्हर सोडून पुढची पानं कधी नीट बघितलीच नव्हती ना.

सुरुवातीला ऑप्टिमायझर. म्हणजे तू क्वेरी, असा एखादा प्रश्न, दिलीस की कुठलं टेबल आधी उघडायचं, कुठलं नंतर जोडायचं हे डेटाबेस स्वतः ठरवतो. दहा टेबलं जोडायची म्हटलं तर ती जोडण्याच्या पद्धती होतात १७६४ कोटींच्या वर, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. सगळ्या तपासत बसला तर उत्तर यायच्या आत माझी डिग्री संपेल, म्हणून १९७९ मध्ये आयबीएमच्या पॅट सेलिंजर बाईंनी आणि त्यांच्या टीमने एक युक्ती काढली, छोट्या जोड्यांचा स्वस्त मार्ग आधी काढून ठेवायचा आणि त्यावर पुढचं रचत जायचं, आजही बऱ्याच डेटाबेसच्या तळाशी तेच चाललंय. पण स्वस्त कशाला म्हणायचं हे शेवटी अंदाजावर असतं आणि अंदाज कसा फसतो बघ. मी महाराष्ट्राचे ३५८ तालुके घेऊन एक लाख खोट्या शेतकऱ्यांचं टेबल केलं (तालुक्याचं नाव प्रायमरी की केलं, म्हणजे एकच नाव दोनदा चालणार नाही, आणि कर्जतलाच एरर, रायगडातही कर्जत आणि नगरकडेही कर्जत, हसू नकोस). मग विचारलं जिल्हा सांगली आणि तालुका जत असलेले किती. पोस्टग्रेस, म्हणजे मी वापरतो तो डेटाबेस, त्याचा अंदाज ८, प्रत्यक्षात निघाले २८० च्या आसपास. कारण त्याला वाटतं जिल्हा आणि तालुका यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन्हीच्या शक्यता सरळ गुणून मोकळा. जत म्हटलं की सांगली आलीच हे आपल्याकडच्या शाळेतल्या पोराला कळतं, त्याला कळत नाही, वेगळं सांगावं लागतं की बाबा हे दोन कॉलम एकमेकांत गुंतलेत. ते सांगायची सोय त्यात २०१७ ला आली.

असो, खरी गोष्ट पुढे आहे आणि ती तुझ्या आबांची आहे.

आठवतंय, आपण आठवीत असताना दुकानात बसायचो आणि आबा कीर्द लिहायचे? माल आला, पैसे आले, गेले, काहीही झालं की आधी रोजकीर्दीत ओळ, मग बाकीचं. चहा समोर गार होत असायचा पण ओळ पुरी केल्याशिवाय हात लावायचे नाहीत. खतावणी, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याची वेगळी वही, संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी, सवडीने. आणि खाडाखोड बिलकुल चालायची नाही, चुकलं तर खाली नवीन ओळ टाकून उलट नोंद करायची, आणि पानावर जागा उरली तर तिरकी रेघ मारून बंद करायची म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू नये. तू एकदा खोडरबर घेतलं होतंस आणि पाठीत धपाटा खाल्ला होतास.

आता ऐक. डेटाबेस नेमकं हेच करतो. त्याला राइट अहेड लॉग म्हणतात. तू काहीही बदललंस की आधी लॉगमध्ये ओळ, एकाखाली एक, आणि मूळ टेबलाचं पान डिस्कवर नंतर सवडीने जातं. लॉग म्हणजे कीर्द, टेबल म्हणजे खतावणी. कारणही तेच, कीर्दीत एकाखाली एक लिहायला वेळ लागत नाही, खतावणीत प्रत्येक व्यापाऱ्याचं पान शोधत बसावं लागतं. मधेच सगळं कोसळलं तर उठल्यावर कीर्द वाचायची आणि खतावणी पुरी करायची. यावर १९९२ चा एक गाजलेला पेपर आहे, एरीज नावाचा, पहिलं नाव सी. मोहन यांचं, चेन्नईच्या आयआयटीतून शिकून गेलेले आणि तेव्हा आयबीएममध्ये काम करणारे. त्यात सांगितलंय की उठल्यावर आधी जे जे झालं ते सगळं जसंच्या तसं परत करायचं, अर्धवट राहिलेले व्यवहारसुद्धा, आणि मग अर्धवटवाले उलट्या क्रमाने मागे घ्यायचे. आणि मागे घेताना खोडायचं नाही बरं का, लॉगमध्ये उलट नोंद टाकत जायची. मी लेक्चरला बसल्या बसल्या वहीच्या कडेला "आबा" असं लिहिलं, बाजूच्या पोरीला वाटलं माझ्या घरी काही झालंय.

अजून एक. खतावणीत शेवटी एक बारीक कॉलम असायचा, कीर्दीचं पान कुठलं ते लिहायला, म्हणजे ही रक्कम खतवली की राहिली ते लगेच कळायचं. एरीजमध्ये प्रत्येक पानावर तसाच एक नंबर असतो, इथपर्यंतचा लॉग ह्या पानावर उतरलाय म्हणून. तो कॉलम कशाला असतो हे मला तेव्हा कधीच विचारावंसं वाटलं नाही.

इथपर्यंत सगळं गोड. आता माझा शहाणपणा ऐक.

टर्मवर्कला मिनी प्रोजेक्ट होता, ४० लाख ओळी पोस्टग्रेसमध्ये भरायच्या होत्या. मी पायथनचा स्क्रिप्ट लिहिला, एक ओळ टाक, कमिट म्हणजे पक्की कर, पुढची ओळ टाक, कमिट कर. मुंगीच्या वेगाने चाललं होतं. कुठेतरी वाचलं की एफसिंक बंद केलं की सुसाट पळतं, केलं बंद, खरंच पळालं. एफसिंक म्हणजे काय तर डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतो की ही ओळ डिस्कवर पक्की उतरली का ते बघ आणि उतरल्यावरच मला हो म्हण. ते बंद केलं की तो विचारतच नाही. मनात थोडी धाकधूक होती म्हणून परीक्षा घेतली, कमिट केलं आणि लगेच किल मायनस नाइन (प्रोग्राम जागच्या जागी मारायची आज्ञा) मारून पोस्टग्रेस आडवा केला. परत चालू केला, त्याने सांगितलं की मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं, दुरुस्ती चालू आहे, आणि एकूणएक ओळी जागेवर. पाच वेळा मारला, पाचही वेळा उठला. मी म्हटलं बघा, उगाच घाबरवतात, आणि ते सेटिंग तसंच ठेवून विसरून गेलो.

सबमिशन शनिवारी आणि गुरुवारी दुपारी लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे हे तुला माहितीये, चार्जर काढला की तो काढला. लाईट आल्यावर पोस्टग्रेस चालू केला तर म्हणतो चेकपॉइंटची (लॉग कुठून वाचायला लागायचं त्या खुणेची) वैध नोंद सापडत नाही, आणि बंद पडला. परत केला, परत तेच. एवढे दिवस जमवलेलं सगळं त्यात, बॅकअप म्हणशील तर तीन आठवड्यांपूर्वीचा. रूमवर एकटाच होतो, पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

मग दोन रात्री जागून बॅकअपवरून परत उभं केलं ते जाऊ दे. ओरलला मॅडमना खरं काय ते सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "कमिट म्हणजे काय?" म्हटलं, सेव्ह होणं. "कुठे?" म्हटलं, डिस्कवर. "तू किल केलंस तेव्हा डिस्कवर होतं?" मी हो म्हणणार होतो आणि तोंड तसंच उघडं राहिलं. किल केल्यावर मेला तो फक्त पोस्टग्रेस, ओळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत शाबूत होत्या, तिने त्या नंतर निवांत डिस्कवर नेल्या. लाईट गेल्यावर तीसुद्धा मेली. म्हणजे माझी परीक्षा ज्याची घ्यायला पाहिजे होती त्याची मी घेतलीच नव्हती, भलत्याचीच घेत होतो. वर मॅडम म्हणाल्या, "आणि ४० लाख कमिट कशाला, एका बिगिनमध्ये, म्हणजे एकाच व्यवहारात, सगळं टाकायचं की." तेव्हा मात्र वाटलं जमीन दुभंगली तर बरं. २५ पैकी १७ दिले, मी १२ दिले असते.

बाकी सिलॅबसचं थोडक्यात सांगतो. डेटा दोन मशीनवर असला की दोघांनी मिळून कमिट कसं करायचं त्याला टू फेज कमिट म्हणतात, ते लग्नाच्या मध्यस्थासारखं, आधी दोन्हीकडे विचारायचं तयार आहात का, दोघं हो म्हणाले की सुपारी फोडायची. लोचा असा की दोघांकडून हो घेऊन मध्यस्थ गावाला गेला आणि फोन बंद, की मुलीकडच्यांना दुसरं स्थळ बघता येत नाही आणि हे झालं असंही म्हणता येत नाही, बसा टांगून. म्हणून काही लोकांनी एवढी काटेकोर हमी द्यायची नाही असंच ठरवलं, अॅमेझॉनचा २००७ चा, डायनॅमो नावाच्या त्यांच्या डेटा साठवायच्या सिस्टिमचा पेपर आहे त्यात उघड लिहिलंय की कार्टमधून काढलेली वस्तू कधीकधी परत कार्टात दिसू शकते, चालेल, पण टाकलेली वस्तू हरवता कामा नये. मला ते आवडलं, निदान काय चालेल आणि काय नाही ते कागदावर लिहिलंय.

आणि जिम ग्रे. ट्रान्झॅक्शनचं, म्हणजे व्यवहारांचं, हे सगळं शास्त्र ज्यांच्यामुळे उभं राहिलं त्यातला मोठा माणूस, १९९८ चं ट्यूरिंग अवॉर्ड. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आपली शिडाची बोट घेऊन एकटा निघाला, आईच्या अस्थी समुद्रात सोडायला, आणि परत आलाच नाही. मित्रांनी सॅटेलाइटचे फोटो मिळवले, हजारो लोक इंटरनेटवर एकेक तुकडा बघत बसले, बोट काही सापडली नाही. मी रात्री एक वाजता हे वाचलं आणि त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

आता तुझ्या पावत्या. माझा अंदाज असा की तुझ्या सॉफ्टवेअरवाल्याने स्क्रीनवर "सेव्ह झाले" दाखवायची घाई केलीये आणि पावती अजून मेमरीतच लोंबकळत असते, म्हणजे माझंच पाप त्याने केलंय, फरक एवढाच की माझ्या शेतकऱ्यांची नावं खोटी होती. त्याला फोन करून एवढंच विचार, सेव्ह झाले असं येतं तेव्हा डिस्कवर गेलेलं असतं का? तो "हो हो, सेव्ह होतंय ना" म्हणाला तर परत विचार, कुठे? मग रविवारी बाजार बंद असताना, आधी बॅकअप घेऊन, खोट्या पार्टीच्या चार पावत्या कर आणि सरळ प्लग ओढ. सॉफ्टवेअर बंद करून बघू नकोस, त्याने काही कळत नाही, मी पाच वेळा करून बसलोय. आणि तो यूपीएस टेबलाखाली नुसता पाय ठेवायला आहे, त्याची बॅटरी बदल. तोवर कार्बनवालं पावतीपुस्तक चालू ठेव, आबा बोलतील तर बोलू दे.

एक काम आहे तुझ्याकडे. पुढच्या मंगळवारी माझं रिकव्हरीवर सेमिनार आहे. माळ्यावर आबांच्या लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या असतील, त्यातल्या एका कीर्दीच्या पानाचा फोटो पाठव, उलट नोंद असलेलं आणि खाली तिरकी रेघ मारलेलं पान बघ. उजेडात काढ, आणि लोकांची नावं अंगठ्याने झाक. आबांना आधी विचार मात्र, त्यांच्या नकळत वही उघडू नकोस.

परीक्षा संपली की मे महिन्यात येतोच. काकूंना नमस्कार, आबांना साष्टांग.

तुझा,
सुन्या

ता. क. फोटोत खतावणीतला तो बारीक कॉलमही मिळाला तर सोन्याहून पिवळं.