ग्रंथालयातल्या मॅडमना, ज्यांना थीसिसमध्ये एकच ओळ मिळाली

मॅडम, नमस्कार.

थीसिसच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं जे पान असतं ना त्याची एक ठरलेली उतरंड असते. आधी गाईड, मग विभागप्रमुख, मग संस्थेचे अध्यक्ष-सचिव (ज्यांना मी कोण हे आजही माहिती नाही), मग प्राचार्य, आईवडील, बायको, मित्रपरिवार, आणि सगळ्यात शेवटी, टायपिंगवाल्याच्या जरा वर, "तसेच ग्रंथालयातील सर्व कर्मचारी वृंद". तुम्ही त्या वृंदात गेलात. मी तुमच्यावर वेगळा परिच्छेद लिहिला होता पण तो "जरा जास्तच होतंय" म्हणून कापायला लावला. म्हणून इथं लिहितोय, इथं कापणारं कोण नाही. नाव घालू नका असं तुम्हीच म्हणालात म्हणून घालत नाही.

व्हायवा होऊन थोडेच दिवस झालेत. अजून कोणी डॉक्टर म्हणून हाक मारली की मी मागं वळून बघतो, नक्की कुणाला बोलायलेत म्हणून.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि पीएचडीला नाव घातलं तर सगळं इंग्रजीत. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं, संध्याकाळी हजाराचा हिशेब लागला नाही तर जेवणं उशिरा. मी विषय घेतला तोच, विडी कामगार बायकांची मजुरी आणि आरोग्य. विषय घरचा आहे, सोपा जाईल असं सगळे म्हणाले. घरच्या विषयावर लिहायचं म्हणजे आईचं बोलणं सोडून दुसरा पुरावा कुठून आणायचा हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि सांगणारे कमी होते असंही नाही हो. एका ठिकाणी फी भरून कार्यशाळा केली, मागं मोठा बॅनर, माहिती साक्षरता काळाची गरज वगैरे. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, मग पाहुण्यांनी पीपीटी लावली आणि शेवटपर्यंत वाचून दाखवली, जी आम्हाला पण वाचता येत होती. अख्ख्या दिवसात एकाही माणसाचा हात कीबोर्डला लागला नाही. निघताना सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना, नाव चुकलेलं का होईना. दुसऱ्या एका कॉलेजात जुने अहवाल कपाटात आहेत असं कळलं म्हणून गेलो तर चावी ज्याच्याकडं तो रजेवर, आणि साहेब मान वर न करता म्हणाले, आजकाल सगळं गुगलवर असतंय की. एका सीनियरने तर सरळ सल्ला दिला, कुठला तरी जुना थीसिस घे आणि गावाचं नाव बदल. त्यांचं बरं चाललंय, पर्मनंट आहेत. मी अजून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर.

असं सगळं ऐकून, फिरून तुमच्याकडं आलो होतो आणि खरं सांगायचं तर आवाज चढवूनच बोललो होतो, की सोलापूरच्या विडी कामगारांवर मटेरियलच नाही, काय करायचं आम्ही. तुम्ही काही म्हणाला नाहीत. उठलात.

मॅडम, मला इथंच थांबायचंय जरा. तुमची ती खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, ऑफिसात असते तशीच. आपल्या गावात टॉवेल एवढे विणले जातात आणि आपल्याच गावात ज्या खुर्चीवर टॉवेल पडला तिच्यावरचा माणूस उठत नाही. मी एवढ्या ऑफिसांतून उभा राहिलोय, बसा म्हणणारे कमी भेटले, आणि आपली स्वतःची खुर्ची सोडून बसा म्हणणारं तर कोणच नाही. तुम्ही उठलात, कीबोर्ड माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणालात, "बसा. तुम्ही शोधा, मी बघते." मी म्हटलं नको मॅडम मी उभाच बराय. तुम्ही ऐकलंच नाही. मी दोन बोटांनी टाइप करतो, एकेक अक्षर शोधून, आणि तुम्ही बाजूला कपाटाला टेकून उभ्या, माऊसला हात नाही, "द्या इकडं" नाही, काही नाही. तेवढ्यात कोणतरी फाईल घेऊन सहीला आले, चांगले वजनदार गृहस्थ होते, त्यांना तुम्ही म्हणालात, "जरा थांबा, ते शोधायलेत." आणि ते थांबले! माझ्यासाठी! मला तेव्हा काय शोधायलोय तेच सुचेना.

पुढं जे काय शिकलो ते सगळं मी त्या खुर्चीच्या नावावर लिहून ठेवलंय.

तुम्ही पहिल्यांदा विचारलं, हाच विषय दुसरा माणूस कुठल्या शब्दांत लिहील? मी एकच वाक्य टाकत होतो, अख्खं थीसिसचं टायटल. तुम्ही ते कागदावर तुकडे करून मांडायला लावलं, काम कोणतं, करणारं कोण, कुठं, कधी, आणि प्रत्येकाखाली दुसरे शब्द लिहायला लावले. विडीचं इंग्रजी स्पेलिंग तीन-तीन तऱ्हेनं लिहितात, ते सगळे मधे ऑर घालून कंसात टाका, मग अँड, मग गाव. आणि गाव टाकताना इंग्रजांच्या वेळचं एस-एच वालं स्पेलिंग पण टाका. एवढं केलं तर 1884 चं जिल्ह्याचं गॅझेटियर वर आलं, त्यात आमच्या विणकरांचं सापडलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले इन्स्टिट्यूटने आपल्या शहराचा केलेला सामाजिक-आर्थिक अभ्यास मिळाला, 1965 साली छापलेला. मग म्हणालात, आता गाव काढून टाका आणि कायद्याचं नाव टाका, 1966 चा विडी आणि सिगार कामगारांचा कायदा. तर कोर्टाचे निकाल, लेबर ब्युरोचे अहवाल, नुसती रांग लागली. 1931 च्या कामगारांवरच्या रॉयल कमिशनच्या अहवालात विडी कारखान्यांवर लिहिलेलं आहे हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? मटेरियल नाही म्हणून मी भांडायला आलो होतो आणि जाताना कुठलं ठेवू कुठलं सोडू असं झालं होतं.

शोधगंगेवर, म्हणजे देशातले थीसिस ठेवलेल्या त्या साइटवर, लाखो थीसिस पडलेत हे मला माहिती होतं, पण ते कॉपी करायला असतात असाच आमच्याकडं समज. तुम्ही मधली पानं बघूच दिली नाहीत, सरळ शेवटची संदर्भसूची उघडायला लावली. या माणसाने काय वाचलं ते बघा, आणि काय वाचलं नाही ते पण बघा. दुसरं वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

पण व्हायवात मला वाचवलं ते त्या आकड्याने. सोलापुरात विडी कामगार बायका किती? प्रत्येक पेपरात वेगळा आकडा, आणि प्रत्येकाखाली संदर्भ आहे, म्हणजे बघायला सगळं व्यवस्थित. तुम्ही म्हणालात चला, हा आकडा कुठनं आला ते बघू. पहिला पेपर दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचं, तिसरा कुठल्या स्मरणिकेचं, सातरस्त्याला नवख्या माणसाने पत्ता विचारावा आणि प्रत्येकाने पुढच्या चौकाकडं हात करावा तसं. शेवटी एक बातमी निघाली, तिच्यात आकडा होता पण तो कुणी मोजला, कधी मोजला, काहीच नाही. मी म्हटलं आता काय करायचं, आकडा तर द्यावा लागतोय. तुम्ही म्हणालात, जे सापडलं ते लिहा आणि जे सापडलं नाही तेही लिहा. मला वाटलं परीक्षक झोडपतील. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं, "इथे तुम्ही आकडा का दिला नाही?" मी सगळी साखळी सांगितली, कुठला पेपर कुणाकडं बोट दाखवतो ते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले पुढे चला. बस्स. माझ्या गाईडना नंतर म्हणाले म्हणे की याने काम केलंय.

पेपर छापायचं पण तसंच. रोज मेसेज येतात, दोन दिवसांत पेपर, सर्टिफिकेटसह, आयएसएसएन आहे. तुम्ही सांगेपर्यंत मला आयएसएसएन म्हणजे आयएसआयचा शिक्काच वाटायचा. तो नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक, चांगलं-वाईट त्यातनं कळत नाही. तुम्ही जर्नलची साइट बंद करायला लावली आणि बाहेरून चौकशी करा म्हणालात, संपादक मंडळात ज्यांचं नाव आहे त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्यांनाच मेल टाका. एका प्राध्यापकांचं उत्तर आलं, माझा या जर्नलशी काही संबंध नाही, नाव काढायला सांगून थकलो. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअरची यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, बंद केली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे रडायलेत, आता कुठं छापायचं कसं कळणार, आणि मी आरामात. यादी गेली म्हणून काय झालं, मेल करायला कोण अडवतंय.

बाकीचं पटकन सांगतो. जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, 30 प्रकाशकांची जवळपास 13 हजार जर्नल्स सरकारी संस्थांमधल्या पोरांना वाचता येतात, हे मला तुमच्याकडनं कळलं, तोवर एकेका पेपरासाठी पैसे मागणारं पान बघून मी मागं फिरायचो. प्लॅगॅरिझमचं, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्याचं, पण तसंच. झेरॉक्सच्या दुकानात "दहा टक्क्यांच्या आत आणून देतो" अशी पाटी लागते, सॉफ्टवेअरला चकवायला शब्द असे फिरवतात की वाक्याला काही अर्थच उरत नाही. तुम्ही यूजीसीचा त्यावरचा 2018 चा नियम वाचायला दिला, आणि मग म्हणालात टक्के नंतर बघू, आधी ज्याचं आहे त्याचं नाव घातलं का ते बघा. मित्राने चॅटजीपीटीकडनं संदर्भांची यादी आणली होती, लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष बरोबर वाटणारं, फक्त तसा लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून बघितला तर काहीच उघडेना. तुम्ही त्याला हसला नाहीत. हसला असता तर तो परत आला नसता, हे मला आता स्वतः शिकवताना कळायलंय.

12 ऑगस्टला आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. सगळीकडं फोटोला हार, भाषण, चहा-बिस्कीट. तुमच्याकडं पण हार होता, पण हार घालून झाल्यावर तुम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एक फॉरवर्ड दिला, हे खरं की खोटं शोधून काढा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाचा वाचतो हो, पण तो कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीतनं वाचतो. तुमचा डबा किती वेळा तसाच राहिलेला मी बघितलाय. (कडक भाकरी असल्याने बिघडत नाही हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही.)

माणसं हुशार पुष्कळ भेटतात. आपल्याला येतं ते दुसऱ्याला येईपर्यंत शांत उभं राहणारी भेटत नाहीत. समोरच्याला विचारायची लाज वाटू नये एवढं बघायला काही बजेट लागत नाही, ग्रँट लागत नाही, तरी किती ऑफिसांत ते नसतं! आणि किती कॉलेजांत तर ग्रंथपालाची जागाच भरलेली नाही, एखादा क्लार्क नाहीतर शिपाई पुस्तकं देतो-घेतो, त्याला कोण काय शिकवणार आणि तो तरी कुणाला काय शिकवणार. मग कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी आली की ग्रंथालयात कुंड्या ठेवतात. असो, हे लिहीत बसलो तर माझं सीएचबी पण जाईल.

आईला सांगितलं तुमच्याबद्दल, तेलुगूतच सांगितलं. तिला शोधगंगा वगैरे काही कळलं नाही, खुर्चीचं मात्र परत विचारलं, खरंच उठल्या का म्हणून. मुकादमाने तिला कधी गोणपाट पण पुढं केलं नव्हतं.

आता आभार मानता मानता एक काम पण सांगतो, राग मानू नका. माझ्या वर्गातल्या दोन मुली मंगळवारी दुपारी तुमच्याकडं येतील, प्रोजेक्ट यंत्रमागावर आहे, लॅपटॉप नाही, आणि दोघी बोलायला लाजतात, त्यातली बुटकी जरा जास्तच. मी शब्दांचे तुकडे पाडायला शिकवलंय, गॅझेटियरपर्यंत त्या पोचल्यात, पुढं अडकल्यात. चारच्या आत येतील कारण एकीला नंतर क्लास असतो. तुम्ही नसाल तर कळवा, मग बुधवारी पाठवतो.

तुमचा,
सर्व कर्मचारी वृंदाचा ऋणी, पूर्व भागातला एक विद्यार्थी