धरण सुरक्षित, पण भिंतींचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘कोयना परिसरात सौम्य धक्का, धरण सुरक्षित, कोठेही हानी नाही’ ही कालची बातमी वाचली. धरण सुरक्षित आहे, समाधान वाटलं. पण ‘कोठेही हानी नाही’ हे कोणी पाहून लिहिलं? आमच्या वाडीत तर कोणी फिरकलं नाही.

आमच्या घराच्या वरच्या अंगाने रस्ता जातो. त्याचा भराव धरून ठेवणारी दगडी संरक्षक भिंत पुढे झुकली आहे. भिंत आणि भराव यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट आहे. बांधकाम चालू असताना ठेकेदाराला मी परोपरीने सांगत होतो की मागे दगडगोट्यांचा थर घाला, पाण्याला वाट द्या. त्याने भोकं ठेवली, पण मागे नुसती माती लोटली. आज भर पावसात त्या भोकांतून थेंब येत नाही. सगळं पाणी आत तुंबतं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘भूकंपाचा याच्याशी संबंध नाही.’

संबंध कसा नाही? हादऱ्यात मागची माती भिंतीला पुढे रेटते, भिंतीचं स्वतःचं वजनही तिला बाहेर खेचतं. जोराच्या धक्क्यात भिंत सरकली की पुन्हा मागे जात नाही, मोकळ्या झालेल्या जागेत माती उतरते. पुढचा धक्का तिला आणखी पुढे नेतो. माती ओली असेल तर दाब फारच वाढतो. हा वाढीव दाब कसा मोजायचा हे जपानमधल्या १९२३ च्या भूकंपानंतर तिथल्या अभियंत्यांनी मांडून ठेवलं आहे. १९९५ ला जपानच्याच कोबे शहरातल्या भूकंपात रेल्वेच्या जुन्या वजनदार भिंती कोसळल्या आणि भरावात थराथराने जाळी घालून बांधलेली तनाता इथली भिंत थोडी झुकून उभी राहिली. म्हणजे उपाय आहेत.

१९६७ च्या मोठ्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, नंतर आधार देऊन ते भक्कम केलं. धक्का बसला की आजही आधी धरण पाहतात, ते योग्यच आहे. त्याच दिवशी घाटातल्या आणि वाड्यांवरच्या भिंतीही कोणीतरी पाहाव्यात, आणि तुमच्या बातमीदाराने त्याबद्दल विचारावं, एवढंच मागणं आहे.

आणखी एक. बातमीखालच्या चौकटीत मोठ्या भूकंपाची तारीख १० डिसेंबर छापली आहे. ती ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे. इथे ११ डिसेंबर लागला होता, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं झाली होती. आमच्या घरातलं माणूस त्या पहाटे गेलं आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा