हळकुंडं, इंग्रजी आणि तुझी तक्रार

लालबाग, मुंबई

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललास ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही. "मराठी मीडियमला घातलंत, म्हणून कासाब्लांकाची हळदीची ऑर्डर गेली."

तुझं खरं आहे तेवढं आधी कबूल करते. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करणाऱ्या फोर्टातल्या क्लिअरिंग एजंटकडे मी एकोणतीस वर्षं काढली. कागद सगळे माझ्या हातचे. पण शिपिंग लाइनवाल्यांबरोबर मीटिंग असली की साहेब माझी फाइल आणि माझ्यानंतर लागलेली एक मुलगी घेऊन आत जायचे. ती इंग्रजी फाडफाड बोलायची. फाइलमधलं काही अडलं की बाहेर येऊन मलाच विचारून जायची. तेव्हा ते दुखणं मला नवीन नाही.

पण तोंडचं इंग्रजी वेगळं, कागदावरचं वेगळं. एकदा एलसीवर (म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) 'टर्मरिक फिंगर्स' होतं आणि इनव्हॉइसवर मी टाइप केलं 'टर्मरिक होल'. हळकुंडंच की ती! कंटेनर न्हावाशेवाहून सुटलेला आणि बँकेने कागद नाकारले. बँक माल बघत नाही, कागद बघते, आणि इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळावंच लागतं. तोवर बाजार उतरला होता. तिकडच्या पार्टीने संधी साधून भाव पाडून घेतला, मगच कागद चालतील म्हणून सही केली. साहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. वजनाआधी 'अबाउट' असेल तर 10 टक्के इकडेतिकडे चालतं. तो शब्द नसेल आणि 800 पोती लिहिली असतील तर 800च. धंद्याला लागणारे असे शब्द दोनेकशे असतील. ते तू ताटावर बसून माझ्या तोंडून ऐकतच मोठा झालास.

तू पाठवलेला राकुतेनचा, त्या जपानी ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचा, व्हिडिओ पाहिला. 2010 साली मालकाने फर्मान काढलं, सगळा कारभार इंग्रजीत, कँटीनच्या मेन्यूसुद्धा, दोन वर्षांची मुदत. बरं. त्यांना देशोदेशीच्या कंपन्या एका दावणीला बांधायच्या होत्या. तुला सांगलीची हळद विकायची आहे.

कासाब्लांकाच्या गिऱ्हाइकाला लिहिलेली तुझी सगळी मेल वाचली. इंग्रजी छान आहे (कुणाकडून घासूनपुसून घेतोस तेही कळतं). पण कासाब्लांका पडलं मोरोक्कोत, आणि तिथे धंदा बराचसा फ्रेंचमध्ये चालतो रे. त्या माणसाची उत्तरं बघ, दोन-दोन ओळी, त्यात एक 'मेर्सी'. त्याने तिसऱ्या मेलमध्ये नमुना मागितला. तू आधी हळदीतल्या क्युरक्युमिनवर, त्या पिवळ्या रंगाच्या घटकावर, पंधरा ओळी लिहिल्यास आणि नमुन्याचं शेवटच्या ओळीत. तिथवर तो पोचला तरी असेल का? आपल्या मसाला गल्लीत भाषा न कळणारं गिऱ्हाईक आलं तर दुकानदार भाषण करत नाही, मिरची त्याच्या तळहातावर ठेवतो.

न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. तिथे शिकलेलं कोणी गाठ, पैसे देऊन एक पानाचं फ्रेंच पत्र लिहून घे. खाली आकडे: पोती, भाव, एफओबी न्हावाशेवा (म्हणजे तिथे बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला). सोबत नमुना कुरियरने. भावाचं बोलणं मोबाइलच्या भाषांतरावर करू नकोस.

शाळेचं म्हणशील, तर मला तुला इंग्रजी शाळेतच घालायचं होतं. त्यावरून रात्रभर भांडलो होतो आम्ही. बाबा जिंकले. आता ते नाहीत, म्हणून तक्रार माझ्या वाट्याला. मात्र सांगलीच्या सौद्यात अडत्याला गप्प करतोस ना, ती भाषा त्याच शाळेतली आहे, हे त्यांच्या वतीने सांगते.

एलसीचा मसुदा आला की 'ओके' कळवायच्या आधी मला व्हॉट्सॲप कर. अक्षर मोठं कर, चष्म्याचा नंबर वाढलाय. येताना अर्धा किलो हळकुंडं आण, घरातली संपली.

तुझी,
आई