शार्कची चौकशी आणि लाल बावट्याकडे पाठ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमचं घर कळंगुटला, वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, म्हणून हे पत्र. गेल्या महिन्यात कोल्हापूरकडची सहा पोरं उतरली होती. आल्या आल्या एकाने मोबाईल पुढे केला, कुठल्यातरी समुद्रात शार्क पोहणाऱ्याच्या मागे लागलाय असा व्हिडिओ आणि खाली लिहिलेलं 'गोव्याला जाताय, सावधान'. मला विचारतो, काकू खरंच इथे शार्क आहेत का हो? मी म्हटलं बाबा आहेत, म्हापशाच्या मासळी मार्केटात जा, मोरी म्हणून विकायला असते ना तो शार्कच, आम्ही त्याचं आंबोटतीक करतो. सगळे हसले आणि तासाभरात बियर पिऊन दर्यावर गेले, पाण्यात उतरू नका असं सांगणारा लाल बावटा लागलेला असताना, आणि जीवरक्षकाने दोनदा शिट्टी मारून बाहेर काढलं तर उलट त्याच्याशीच हुज्जत घालून आले!! शार्कची चौकशी करणाऱ्या या पोरांपैकी एकानेसुद्धा बावट्याबद्दल मला काही विचारलं नव्हतं.

आता शार्कचं खरं काय ते बघू. अमेरिकेत फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल नावाची नोंदवही ठेवतात, जगातल्या केसेस तपासून त्यात घेतात. माणसाने काही छेड काढलेली नसताना शार्क चावला अशा केसेस 2023 मध्ये 69 होत्या, त्यात 10 जण गेले, 2024 मध्ये 47 आणि 4 जण गेले. अख्ख्या जगात, वर्षभरात. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेतल्या, त्यातही फ्लोरिडा पुढे, आणि चावा बसणाऱ्यांत सर्फिंग करणारे आणि पोहणारे खूप.

म्हणून शार्क नाहीतच असं मात्र कुणी म्हणू नये. अरबी समुद्रात बुल शार्क आहे, टायगर शार्क आहे. बुल शार्क तर खाडीतून आत गोड्या पाण्यापर्यंत जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या तरुणाच्या पायाचा लचका तोडला, ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. पण ती खाडी, गढूळ पाणी, मासेमारी. बागा बीचवर दुपारी हजार माणसं आरडाओरडा करतायत ती जागा वेगळी. जगाची सरासरी घेऊन आपली भीती ठरवता येत नाही, तुम्ही कुठल्या पाण्यात, कुठल्या वेळी आणि काय करताय त्यावर ते आहे. तिन्हीसांजेला नदीच्या मुखाशी, जाळी ओढत असतील तिथे पोहू नये एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि उलट बाजूचे फॉरवर्ड पण तितकेच भंपक असतात. शार्कपेक्षा नारळ डोक्यात पडून जास्त माणसं मरतात, वर्षाला 150, हे तुम्हीही वाचलं असेल. हा आकडा कुणीही मोजलेला नाही. पापुआ न्यू गिनीतल्या एका हॉस्पिटलात नारळाच्या झाडामुळे जखमी होऊन येणाऱ्यांवर एका डॉक्टरने 1984 मध्ये पेपर लिहिला, त्यात 150 कुठेच नाही, पुढे लोकांनी तो चिकटवून दिला. आमच्या अंगणात अकरा माड आहेत, दर तीन महिन्यांनी नारळ काढणारा पाडेली येतो, तो खाली कुणाला उभं राहू देत नाही आणि आम्हीही राहत नाही. झालं, संपला धोका. बावट्याचं पण तसंच आहे की.

खरा जीव घेतं ते पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगभरात 3 लाख माणसं बुडून मेली (नद्या, विहिरी, तलाव सगळं धरून). आपल्या किनाऱ्यावर त्यातलं मोठं कारण म्हणजे रिप करंट. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी परत जायला एखादी वाट शोधतं आणि त्या वाटेने जोरात आत ओढतं. गंमत अशी की त्या जागी लाटा फुटत नाहीत, दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये शांत काळपट पट्टा, म्हणून पोरंबाळं घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. ओढलं गेलं की माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, दमतो, बुडतो. तसं न करता तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, ती वाट काही मैलभर रुंद नसते. आणि मित्र ओढला गेला म्हणून मागून उडी टाकू नका, एकाचे दोन होतात ते असेच.

जेलीफिशचं ओझरतं सांगते, नोव्हेंबर 2020 मध्ये दोन दिवसांत 90 च्या वर लोकांना जेलीफिश लागले, बरेचसे बागा ते सिकेरी पट्ट्यातच. त्याचा व्हिडिओ मला तरी कुणी पाठवला नाही.

आमचे म्हातारे मासेमार नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. आता कायद्यानेही जून-जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट दर्यावर ते थांबतात आणि दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक भर पावसात कपड्यांसकट उतरतो, वर जीवरक्षकालाच विचारतो तू कोण सांगणारा. 2008 पासून दृष्टी नावाच्या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यावर आहेत, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये पोहा आणि नुसता लाल असेल तर उतरू नका, यापलीकडे ते बिचारे काय मागतात?

आता तुमच्याकडे मागणं. पेपरात भरती-ओहोटीची वेळ छापता, त्याच चौकटीत बावट्यांचा अर्थ दोन ओळींत रोज छापा, मराठीत, कारण घाटावरून येणारे आमच्याकडे सकाळी चहाबरोबर हाच पेपर वाचतात. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या कुणाकडून रिप करंटवर एक लेख फोटोसकट घ्या, तो शांत पट्टा कसा दिसतो ते लोकांना बघू दे. मी कात्रण लॅमिनेट करून खोलीच्या दाराला आतून लावीन, एसीच्या रिमोटच्या वर, तिथे सगळ्यांची नजर जाते.

आपली एक वाचक,
कळंगुट, बार्देश