रिसीव्हरला तिसरा हंगाम तरी खेळू द्या

महोदय,

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये संघ कॉलेजातली पोरे फेरीफेरीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात वरच्या फेरीत घेतलेला तरुण वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, पहिल्या वर्षी झेलांतून चारशे-साडेचारशे यार्डांवर अडकला, की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही ‘वाया गेला’ असा निकाल लागतो. २०२० मध्ये जस्टिन जेफरसनने पदार्पणातच १४०० यार्ड काढले, २०२३ मध्ये पाचव्या फेरीतल्या पुका नाकुआने १४८६. तेव्हापासून ही घाई फारच वाढली आहे. त्या दोघांच्या मापाने इतर पोरांना मोजणे अन्यायाचे आहे.

डावांटे ॲडम्सला ग्रीन बे संघाने २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतले. पहिल्या वर्षी ४४६ यार्ड. दुसऱ्या वर्षी ४८३ आणि अवघा एक टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणे). घोटा दुखावलेला, हातातले झेल सुटत होते. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन. अटलांटाचा रॉडी व्हाइट पहिल्या दोन वर्षांत ४४६ आणि ५०६ यार्डांवर थांबला. तिसऱ्या वर्षी १२०२.

वेळ लागतो तो मुख्यतः सुरुवातीच्या पाच यार्डांत. कॉलेजात पुष्कळदा बचावपटू सात-आठ यार्ड मागे उभा असतो, त्यामुळे रिसीव्हर मोकळा धावत सुटतो. एनएफएलमध्ये कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, थेट नाकासमोर येतो (याला प्रेस म्हणतात), आणि या पाच यार्डांत त्याला हाताने रोखण्याची नियमानेच मुभा आहे. तो हात झटकून, खांदा चोरून, वेळ न दवडता बाहेर पडणे नुसत्या वेगाने साधत नाही. पुढे वळण्याचा प्रश्न येतो. उंच मुलाला थांबायला पाच पावले लागली, तर बचावपटू तिसऱ्या पावलालाच वळण ओळखतो. कंबर खाली घेऊन तीन पावलांत थांबायला शिकावे लागते. पास फेकणारा क्वार्टरबॅक तर तो वळण्याआधीच चेंडू सोडतो. बारा यार्डांवर वळायचे तिथे दहावर वळला, की चेंडू भलत्याच ठिकाणी जातो आणि शिव्या क्वार्टरबॅकला बसतात. समोर झोन बचाव असेल, म्हणजे प्रत्येक बचावपटू आपापली जागा राखत असेल, तर दोघांच्या मधल्या फटीत थांबायचे, माणसामागे माणूस असेल तर धावत राहायचे. हा निर्णय धावता धावता घ्यायचा, आणि क्वार्टरबॅकलाही तेच दिसले पाहिजे. मैदानाच्या कडेला कॉलेजात एक पाय आत पडला तरी झेल वैध, इथे दोन्ही पाय लागतात.

सुटलेल्या झेलांवर लोक सर्वांत जास्त चिडतात. खरे तर ती सर्वांत लवकर सुधारणारी चूक आहे. बहुतेक वेळा चेंडू हातात येण्याआधीच नजर पुढच्या बचावपटूकडे गेलेली असते, किंवा पोरगा हातांऐवजी छातीवर चेंडू घेत असतो. छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे जवळ, कमरेखालच्याला करंगळ्या जवळ, आणि चेंडू काखेत दाबला जाईपर्यंत नजर त्याच्यावरच, हे चेंडू फेकणाऱ्या यंत्रावर रोज घोटले की हात बसतात.

कधी जागाही बदलून पाहावी लागते. फिलाडेल्फियाच्या नेल्सन ॲगोलोरला २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून ६४८ यार्ड मिळाले. २०१७ मध्ये त्याला कडेवरून आत, स्लॉटमध्ये (कडेचा रिसीव्हर आणि मधली रांग यांच्यातल्या जागेत) आणले. एकाच हंगामात ७६८ यार्ड, ८ टचडाउन, आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात ९ झेल.

धीराला मर्यादा हवी, हे आम्हालाही मान्य आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा की नाही, हा निर्णय संघाला तिसऱ्या हंगामानंतर घ्यावाच लागतो. पण तोवर झेल मोजण्यापेक्षा तो मोकळा होतो का, ते पाहा. टीव्हीच्या चौकटीत तो दिसत नाही. बाविसच्या बावीस खेळाडू दाखवणारे चित्रण पाहावे लागते. तिसऱ्या वर्षीही प्रेसमधून सुटत नसेल, तर मात्र नाराजी रास्त आहे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढून थांबवण्याचा प्रकार) आहे, त्यामुळे आपली मुलेही या खेळाकडे वळतील. पालकांना एवढीच विनंती: बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आधी स्लँट (तिरकी धाव), कर्ल (थांबून मागे वळणे) आणि सरळ धाव हे तीनच मार्ग पावलांसकट पक्के करू द्या, चौथा मार्ग पुढच्या वर्षी शिकला तरी चालेल.

– एक वाचक, न्यू जर्सी