काका, रंग टिकला!

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमची वॉटर स्कूटर टेम्पोत घालून इंदूरला तुमच्या शेडवर आणली, तेव्हा तिच्या तळाचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता. हनुवंतियाला, मध्य प्रदेशातल्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर, आमचं घर अशा दोन स्कूटरवर चालतं. रंगाला आधी एके ठिकाणी चांगले पैसे मोजले होते आणि एक हंगामसुद्धा निघाला नव्हता. तुम्ही नखाने एक पापुद्रा उचललात आणि उलटा करून माझ्या हातात दिलात. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत. "बघ, याने खालचं काही धरलंच नाही."

मला वाटलं, चार दिवसांचं काम. तुम्ही तीन आठवडे घेतलेत, आणि त्यात फवारणीचा दिवस एकच होता.

पहिल्या दिवशी मी उत्साहाने पॉलिश पेपर उचलला, तर तुम्ही तो काढून घेतलात. आधी धू, मग वॅक्स काढ, मग घास. उलटं केलं तर वॅक्स घासलेल्या चऱ्यांत जाऊन बसतं. साबणाने धुऊन झाल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी तळावर ओतलंत. ते थेंब थेंब होऊन पळालं, म्हणजे वॅक्स अजून तसंच होतं. मग एका फडक्याने सॉल्व्हंट लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्यायचं, असं दोनदा केलंत. पुन्हा पाणी ओतलंत, तर ते सलग पसरलं, कुठेही तुटलं नाही. आमचे आधीचे पैसे कुठे वाहून गेले, ते मला तिथे समजलं.

काठाच्या दगडांवर घासून तळाला जी खोल खाच पडली होती, तिच्यात कुणीतरी गाडीची पुट्टी भरली होती. तुम्ही ती सगळी खरवडून काढलीत. ती पॉलिस्टरची पुट्टी पाणी पिते, तळाला इपॉक्सीचीच हवी. पण ती भरण्याआधी तुम्ही त्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवलात. सकाळी त्याला आतून दव आलं होतं. फायबर अजून ओलं होतं. हंगाम तोंडावर आला म्हणून मी किती घाई केली! तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. बल्ब लावून ठेवलात आणि रोज रात्री नवा तुकडा चिकटवत राहिलात. नवव्या सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा तुमचा आपणहून फोन आला. तुमचा आवाज माझ्याइतकाच आनंदला होता.

पुढे इपॉक्सी प्रायमर, त्यावर 400 नंबरचा वॉटर पेपर, मग टू-पॅक पीयूचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाचे, पातळ हात. फवारणीच्या वेळी मात्र तुम्ही मला शेडबाहेर काढलंत. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडू शकतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पिथमपूरच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये उभी हयात काढलेला माणूस हवेच्या नळीचा मास्क चढवूनच गन हातात घेतो, हे मी पाहिलं. आता आमच्याकडे कुणी तसल्या रंगाचं नाव काढलं की मी आधी मास्कचं विचारते.

रंग हाताला सुकल्यावरही तुम्ही आठवडाभर स्कूटर पाण्यात घालू दिली नाहीत. आतून पक्का व्हायला त्याला तेवढे दिवस लागतातच, म्हणालात. आणि शेवटी पैसे घेतलेत ते फक्त सामानाचे. वर रोज दुपारी काकूंचे शेव घातलेले पोहे!

हंगाम संपला. परवा स्कूटर बाहेर काढून कलती केली. पुढच्या टोकाला दगडाचा एक ओरखडा आहे, थेट प्रायमरपर्यंत गेलेला. तुम्ही लावलं होतं तसं मी त्याच्या कडेला नख लावून पाहिलं. कड उचलली नाही.

पावसाळ्यानंतर दुसरी स्कूटर घेऊन येते. या वेळी पाण्याचा तांब्या मी ओतेन, तुम्ही फक्त बघा. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
हनुवंतियाची वॉटर स्कूटरवाली